साडीच्या कार्डावर ताई

मी सातवीत होते तेव्हा शाळेतून आल्यावर दप्तर टेकवायचं, हात धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे आणि साड्यांवर कार्डं ठेवायला बसायचं, हा रोजचा क्रम होता. हात जरा ओला राहिला तर कार्डावरच्या बाईच्या गालावर बोट उमटायचं, आणि तसली साडी मार्केटातून परत यायची. मग माय दिवसभर बोलायची.

सुरतेत लिंबायतला आमची एक खोली होती. आप्पा पलसाण्याच्या वाटेवरच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगाच्या हौदांवर कामाला होते. माय रिंगरोडच्या मार्केटातून साड्यांचे गठ्ठे घरी आणायची. साडी पुठ्ठ्यावर घडी करायची, पदराची नक्षी वर दिसेल अशी ठेवायची, तिच्यावर कार्ड, आणि मग सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. घडी माय आणि ताई घालायच्या. कार्ड आणि पिशवी माझ्याकडे.

कार्ड तळहाताहून मोठं, चकचकीत. त्यावर साडी नेसलेली एक बाई असायची आणि खाली इंग्रजी अक्षरांत साडीचं नाव. बाईचं नाव कधी नसायचं. एका वर्षी सगळ्या बायकांचे केस कानांवरून फुगवलेले होते. पुढच्या वर्षी बाह्या गेल्या. मग एकदम सगळ्यांना अंबाडा आणि गजरा आला, कपाळावर रुपयाएवढी टिकली आली. कुणी पुठ्ठ्याच्या खांबाला टेकलेली, कुणी कारंज्यापाशी, कुणी दुसऱ्याच्या मोटारीवर हात ठेवून उभी. आम्हा खोल्यांतल्या पोरींना नवीन काय आलंय ते ह्या कार्डांवरूनच कळायचं. एकदा मी कार्डावर बघून कपाळावरचे केस कात्रीने कापले होते आणि मायचा मार खाल्ला होता.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. रंगाने सावळी, नाक सरळ, हनुवटीवर आजीने गावाकडे गोंदवून घेतलेले तीन ठिपके. मी कार्डांमधल्या बायकांना नंबर द्यायचे, पहिली कोण, दुसरी कोण. ताई त्यांच्याकडे बघायचीही नाही. म्हणायची, "ह्यांची निरी बघ कशी खोचलीये. चार पावलं चालली तर सुटेल."

त्या साली ताईची सुपारी फुटली होती. मुलगा शिरपूरकडचा, एसटीत कंडक्टर. आमच्याकडे नोकरीवाला जावई म्हणजे मोठी गोष्ट. आप्पा येता-जाता लोकांना सांगायचे. ताईने त्याला एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हाही त्याची चप्पलच नीट पाहिली होती असं ती मला म्हणाली होती. पण लग्न ठरल्यापासून साडी घडी करताना ती कधीकधी पदर खांद्यावर टाकून बघायची, आणि मायचं लक्ष गेलं की लगेच उतरवायची.

एक दिवस माय तापाने पडली म्हणून गठ्ठे पोचवायला ताई आणि मी, दोघीच गेलो. आम्हाला काम देणाऱ्या शेठचं दुकान मार्केटात तिसऱ्या मजल्यावर होतं. आम्ही गठ्ठे उतरवत होतो तेव्हा आतल्या खोलीत मोठमोठ्याने बोलणं चाललं होतं. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, दोन छत्र्या लावलेले दिवे, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस सारखा घड्याळ बघत होता. मुंबईहून कार्डाच्या फोटोसाठी यायची ती मुलगी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी फोटो छापखान्यात जायचे होते.

शेठने बाहेर येऊन आमच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, मग ताईकडे. कॅमेरावाल्याला हाक मारून म्हणाला, "आ छोकरी चालशे?"

कॅमेरावाला आला. त्याने ताईला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. ताई गोंधळून वळली. "चलेगी," तो म्हणाला. "रंग बाद में ठीक कर लेंगे."

ताई म्हणाली, "नाही. माझं लग्न ठरलंय."

"तो साडी काम लागशे," शेठ हसला. "जी नेसशील ती साडी तुझी. एक फोटो फक्त. कार्डावर कोण कुणाला ओळखतं, बेन?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरून हलवत होते. "ताई, हो म्हण ना. हो म्हण."

मी बारा वर्षांची होते, हे मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे.

साडी जांभळी होती, तिच्यावर पिवळी फुलं. ब्लाउज मुंबईच्या मुलीसाठी आणलेला, ताईला तो इतका सैल की पाठीमागून कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले. दुकानातल्या एका बाईने तिला पावडर थापली, ओठ रंगवले, वेणी सोडून केस खांद्यावर घेतले. ताई चादरीसमोर उभी राहिली तेव्हा तिचे खांदे कानापर्यंत चढले होते. "इधर नहीं, मेरे पीछे देखो. जैसे कोई आ रहा है," कॅमेरावाला म्हणाला. दहाबारा वेळा दिवा चमकला. आणि मग काय झालं कोण जाणे, ताईचे खांदे उतरले. तिने स्वतःहून मान थोडी कलती केली, पदर मनगटावर घेतला, आणि हसली. ते तिचं घरातलं हसणं नव्हतं. मी दाराशी उभी होते आणि मला एकदम वाटलं की हिला आपण ओळखत नाही.

परत येताना रेल्वेच्या गरनाळ्यापाशी, रुळांखालच्या बोगद्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "मी हसले ते चांगलं दिसलं का गं?"

"सगळ्यांत चांगली तू," मी म्हणाले. "पहिला नंबर."

ती लाजली. मग ओढणीने ओठ इतके घासले की ते लाल झाले. साडी कुठून आली असं मायने विचारलं तेव्हा ताईने, डाग पडलेला माल होता, शेठने देऊन टाकला, असं सांगितलं. डाग खरंच होता, निरीच्या आत.

महिन्याभराने माय नवे गठ्ठे घेऊन आली. मी कार्डांचं पुडकं सोडलं आणि माझ्या मांडीवर ताईच ताई सांडली. दोनशे तरी कार्डं असतील. सावळा रंग गेलेला, चेहरा सायीसारखा पांढरा. हनुवटीवरचे तीन ठिपके पुसून टाकलेले. ओठ गुलाबी केलेले. पण मान तीच, कलती, आणि ते हसणं.

मायने एक कार्ड उचललं. बराच वेळ धरून ठेवलं. आमच्या घरात अहिराणी बोलायचे. तिने ताईकडे न बघताच विचारलं, "हाई कोनी करं?"

ताईने सगळं सांगितलं. चिमट्यांसकट सांगितलं. मला वाटलं आता माय हात उचलेल. तिने तसं काही केलं नाही. कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं, हनुवटीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "हाई मन्ही पोर नही. बरं व्हयनं. कोनी वळखाव नही." मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आप्पा यायच्या आत उरका."

त्या दुपारी आम्ही तिघींनी मिळून ताईची दोनशे कार्डं दोनशे साड्यांवर ठेवली. ताईने घड्या घातल्या. एकदाही कार्डाकडे पाहिलं नाही. मी मात्र प्रत्येक कार्ड ठेवताना बघत होते, आणि मायची पाठ वळल्यावर त्यातली पाच फ्रॉकच्या आत सरकवली.

एक मी शाळेत दाखवलं. पोरींनी विश्वास ठेवला नाही. "तुझी ताई काळी आहे, ही गोरी आहे," असं म्हणाल्या. ते मला फार लागलं. त्याच सुमारास आत्या सुरतेहून गावाकडे चालली होती. गावाकडे माझ्याच वयाची एक चुलत बहीण होती. मे महिन्यात ती मला म्हणाली होती की तुम्ही सुरतवाले झोपडपट्टीत राहता, तुमच्याकडे डुकरं फिरतात. मी एक कार्ड घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलं, 'ही माझी ताई आहे', खाली ताईचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि सुरत. वळणदार अक्षरात लिहिलं. माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून आत्याच्या पिशवीत घातलं आणि बहिणीला द्या म्हणून सांगितलं.

चुलत बहिणीने ते कार्ड कुणाकुणाला दाखवलं ते मला माहीत नाही. पण आमच्या गावापासून मुलाचं गाव दोन कोसांवर. तिसऱ्या आठवड्यात रविवारी मुलाचा मामा दारात उभा राहिला, सोबत आणखी एक म्हातारा.

आप्पा खाटेवरून उठले. चादर झटकली, पाहुण्यांना बसवलं, मला पाणी आणायला सांगितलं. मामाने पाणी घेतलं नाही. खिशातून कार्ड काढून आप्पांच्या हातात दिलं. "हाई कोन शे?"

आप्पांनी कार्ड उलटसुलट केलं. त्यांच्या नखांत तेव्हा कायम निळा नाहीतर हिरवा रंग असायचा. "साडीचं कार्ड दिसतं," ते म्हणाले. "आमच्या घरात ढीगभर येतात. मंडळी काम करते ना."

"बाई कोण ते विचारतोय."

"असेल मुंबईची कोणी."

"नीट देखा. तुम्हनी पोर शे."

आप्पा हसले. खरंच हसले, पाहुणा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मायकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. त्यांनी ताईला हाक मारली. ताई चुलीपाशून उठून आली. आप्पांनी कार्ड तिच्या तोंडाशेजारी धरलं. एकदा कार्डाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या लेकीचा चेहरा ते असे जुळवून बघत होते, परक्या माणसांदेखत, आणि ताई मान खाली न घालता उभी होती.

"शिरपूरच्या स्टँडवर दुकान आहे साड्यांचं," मामा म्हणाला. "तिथंही दारात टांगलीये. भाच्याची गाडी त्याच स्टँडवर लागते. लोक त्याला म्हणतात, अरे तुझी बायको दोरीवर लटकलीये. आम्ही काय तोंड दाखवायचं? आज कार्डावर आहे, उद्या कुठे असेल?"

ताई म्हणाली, "मी साडी नेसून उभी राहिले. दुसरं काही केलं नाही."

"आत जा," आप्पा म्हणाले.

ती गेली नाही. आप्पांना वाचता येत नव्हतं, पण मागे काहीतरी लिहिलंय हे त्यांना दिसलं होतं. "हे गावाला कुणी धाडलं?" त्यांनी विचारलं. "कुणी लिहिलंय हे?"

ताईने हात पुढे करून कार्ड घेतलं. उलटलं. माझं अक्षर तिला अंधारात कळलं असतं, रात्रंदिवस माझ्या वह्या तिच्यासमोर पडलेल्या असायच्या. मी कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी," ताई म्हणाली. "मीच लिहिलं. मीच धाडलं."

मामा उठला. "बघा," तो म्हातार्‍याला म्हणाला. "वरून स्वतः धाडते." दोघे चहा न घेता गेले. सुपारी मोडली.

मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर लग्न काही वाचलं नसतं, हे मला पुढे समजलं. पण आप्पांच्या मनात जे कायमचं बसलं ते बसलं नसतं. फोटो काढून घेणं ते एक वेळ विसरले असते. शेठने फसवलं म्हणाले असते. पोरीने तो मिरवायला गावाला धाडला, हे ते मरेपर्यंत विसरले नाहीत. त्यांनी ताईला मारलं नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी थेट बोललेच नाहीत. ताई समोर असली तरी मायला सांगायचे, "तिला म्हणावं पाणी दे."

ताईचं मार्केटात जाणं बंद झालं. पाच महिन्यांत तिचं लग्न लावलं. साक्री तालुक्यातला बिजवर, बायको बाळंतपणात गेलेली, दोन लहान मुली. वयाने ताईहून सोळा वर्षांनी मोठा. लग्नात फोटोवाला नव्हता. ती अट तिकडून घातली होती. जांभळी साडी मायने कुणाला देऊन टाकली ते कळलं नाही.

ताईचा नवरा वाईट माणूस होता असं मला म्हणता येणार नाही. तो शेतात मान मोडून राबायचा, दारू पीत नव्हता. पण त्याच्या आईने सुनेला पहिल्या दिवसापासून 'फोटोवाली' हेच नाव ठेवलं. फोटोवालीला म्हणावं भाकरी टाक. फोटोवाली विहिरीवर गेली. पाहता पाहता सगळा गाव तेच म्हणू लागला, आणि नवऱ्याने कधी कुणाला अडवलं नाही. ताईने त्या दोन मुलींना मोठं केलं, स्वतःची दोन मुलं वाढवली. चौघांच्या लग्नांचे आल्बम आहेत. ताई एकाही पानावर सापडत नाही. कॅमेरा वळला की ती स्वयंपाकाकडे निघून जायची. माझ्या लग्नातही तिने तेच केलं. माझ्याकडे तिचा माझ्यासोबतचा एकही फोटो नाही.

इकडे शेठने मात्र तो फोटो सोडला नाही. ताई सासरी गेल्यावरही तिची कार्डं आमच्या गठ्ठ्यांत येतच राहिली. साडीचा रंग बदलायचा, नाव बदलायचं, चेहरा तोच. एकदा तर त्यांनी ताईचं नुसतं डोकं कापून दुसऱ्याच एका बाईच्या धडावर चिकटवलं होतं, गोऱ्या दंडांच्या, बिनबाह्यांच्या. माय ते कार्ड बघून उठून गेली. मी मॅट्रिक होईपर्यंत ती कार्डं साड्यांवर ठेवत होते. कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा मी मुद्दाम ओल्या हाताने बसले आणि एक सबंध पुडकं खराब केलं. ते परत आलं, मायला चार शब्द ऐकावे लागले आणि पुढच्या आठवड्यात दुसरं पुडकं आलं.

मी शिकले. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, कोसाडला राहायला आले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ताईला फोन करायची सवय मला मोबाइल आल्यापासूनची. दर रविवारी. पाऊस किती झाला, गुडघे कसे आहेत, नातवंडं काय करतात. त्या कार्डाबद्दल आम्ही कधीही बोललो नाही. तिने मला कधी विचारलं नाही, तू का लिहिलंस. आणि मीही कधी म्हणाले नाही की ताई, माझं चुकलं. दरवर्षी भाऊबीजेच्या सुमारास ती आली की मी ठरवायचे, आणि दरवर्षी ती परत जायची.

गेल्या हिवाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी मला एका प्रदर्शनाला घेऊन गेली. ती कपड्यांचं डिझाइन शिकवते. अठवा लाइन्सकडच्या एका दालनात एका गुजराती गृहस्थांनी जमवलेली जुनी कार्डं मांडली होती. सुरुवातीला इंग्रजांच्या काळातली, कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची चित्रं. झालरीचे झगे घातलेल्या मडमा, सारंगी घेतलेल्या नाचणाऱ्या बाया, कमळातली लक्ष्मी, आरशात बघणारी कुणी नऊवारीतली. हाताने काढलेली, सोनेरी शाईची. मग गिरण्यांची. आणि शेवटच्या भिंतीवर सुरतेच्या साड्यांची. विद्यार्थिनी मला केसांच्या तऱ्हा दाखवत होती, ब्लाउजचे गळे कसकसे बदलत गेले ते सांगत होती. मी तिच्याआधीच पाहिलं होतं. ताई. एका ओळीत सहा कार्डं, सहा रंगांच्या साड्या. ते परक्या धडाचंही होतं. काचेखाली पट्टी, 'अज्ञात मॉडेल, सुरत'. दोन कॉलेजच्या मुली तिच्यासारखी मान कलती करून स्वतःचे फोटो काढत होत्या.

मी घरी आले आणि बुधवार असूनही ताईला फोन लावला. सांगितलं. मग तिने विचारलं, "तठे कोन येस दखाले?"

"लोक येतात. शिकणाऱ्या मुली येतात. ताई, खाली अज्ञात लिहिलंय. मी तुझं नाव सांगू का त्यांना? तुझं नाव लागायला पाहिजे."

"नाव सांगीसन काय व्हई?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ताई, ते कार्ड मी धाडलं होतं. तुला माहीत आहे. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

पलीकडे तिच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मग ती शांतपणे म्हणाली, "तू तव्हय बोलनी नही. आते कसाले बोलस?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या दालनात गेले. त्या गृहस्थांना भेटले. म्हातारे, सभ्य, सारखे हात जोडणारे. मी म्हणाले, ही कार्डं काढून ठेवा, ही माझी बहीण आहे, तिला आवडणार नाही. ते खुर्चीतून उठलेच. "एमनुं नाम शुं, बेन? हजी छे?" आहेत का अजून? त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. ह्या बायकांपैकी एकीचाही पत्ता त्यांना आजवर लागला नव्हता. नाव मी सांगितलं नाही. पण का काढायची, असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगत गेले. चिमटे, पुसलेलं गोंदण, मामा, सुपारी, बिजवर, सगळं. माझ्याच्याने थांबवेना. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता मी रडले. त्यांनी चष्मा पुसला. "आ तो बहु मोटी वात छे," ते म्हणाले.

आठवड्याने विद्यार्थिनीने मोबाइलवर फोटो पाठवला. 'अज्ञात मॉडेल' ही पट्टी गेली होती. तिच्या जागी पानभर मजकूर, गुजरातीत आणि इंग्रजीत. खानदेशातून आलेल्या रंगकामगाराची मुलगी, एका फोटोने मोडलेलं लग्न, साक्री तालुका, दोन सावत्र मुली. नाव नव्हतं. बाकी सगळं होतं. मी रिक्षा करून धावत गेले. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर काढला, दहादा माफी मागितली, पण प्रदर्शनाच्या नव्या पत्रकावर तो कार्डाच्या फोटोसकट छापून झाला होता आणि पत्रकं वाटली गेली होती. ते खरंच कळवळून म्हणाले, "बेन, में तो एमने मान आपवा लख्युं." मान द्यायला लिहिलं. मीही बारा वर्षांची असताना त्याचसाठी लिहिलं होतं. आणि आता पुन्हा लिहिते आहे, हे मला दिसत नाही असं नाही.

ताईची नात धुळ्याला नर्सिंग शिकते. फिरत फिरत ते पत्रक तिच्या मोबाइलवर पोचलं. तिला साक्री दिसलं, दोन सावत्र मुली दिसल्या, आणि पोरगी हुशार आहे. सुट्टीत गावी गेल्यावर तिने आजीसमोर फोटो धरला. हे तिनेच मला फोनवर सांगितलं.

"मी विचारलं, आजी, ही तू आहेस का? किती सुंदर दिसते. आजीने मोबाइल हातातही घेतला नाही. म्हणाली, मी नाही. मी कधी सुरतेत राहिले नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी म्हटलं, अगं पण आपली मावशीआजी सुरतलाच असते ना, तू तिथलीच ना? तर म्हणाली, तिलाच विचार. तिला सगळं लिहिता येतं."

पोरगी हसत होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "मावशीआजी, सांगा ना, ती आजीच आहे ना?"

मी म्हणाले, तुझी आजी म्हणते तेच खरं.

रविवारचा फोन मी अजून करते. ताई उचलते. पाऊस झाला का म्हणून मी विचारते, झाला म्हणते. गुडघे कसे आहेत, ठीक आहेत म्हणते. पूर्वी ती अर्धा तास बोलायची, म्हशीचं, सुनेचं, शेजारणीच्या भांडणाचं. आता दुसऱ्या मिनिटाला तिला काहीतरी काम आठवतं, आणि घरात जे कुणी समोर असेल त्याच्या हातात फोन देऊन ती उठून जाते.